बाटली टाकली की महिनाभर शांत, मग पुन्हा टकटक

तक्रार अशी होती. सकाळी गाडी चालू केली की इंजिनाच्या वरच्या बाजूने टकटक, आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये किमान दोनदा ऑइलचा टॉपअप. गाडी १७ वर्षांची, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, १ लाख ८० हजार किलोमीटर पळालेलं. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर तयारच होतं: "वय झालंय, एक बाटली टाकून बघा." बाटली म्हणजे इंजिन ऑइलमध्ये वरून मिसळायचं अ‍ॅडिटिव्ह. टाकली. आठवड्याभरात आवाज गेला. पाचव्या आठवड्यात परत आला. मग दुसऱ्या कंपनीची बाटली आणली, ती दीड महिना टिकली. तिसरी अर्धी टाकून झाली तेव्हा कुठे डोक्यात आलं की आपण एकच प्रयोग तीनदा करतोय आणि तिन्ही वेळा उत्तरही एकच मिळतंय.

तुमचंही असंच चाललं असेल तर चौथी बाटली घ्यायच्या आधी हे वाचा. अ‍ॅडिटिव्ह टाकूच नये असं माझं म्हणणं नाही. काही बाटल्या खरंच कामाच्या असतात. पण आवाज गेला, तो का गेला, आणि गेलेला आवाज परत का आला, हे कळल्याशिवाय कुठली बाटली घ्यायची ते ठरवताच येत नाही.

महिन्याभराची जादू येते कुठून

"जुन्या इंजिनासाठी", "धूर बंद", "आवाज बंद" असं लिहिलेल्या बऱ्याच बाटल्या उलट्या करून बघा. आतला द्रव इतका दाट की तळाला पोचायला वेळ लागतो. तो मुख्यतः पॉलिमर असतो, लांबच लांब साखळ्यांचा. तो ऑइलमध्ये मिसळला की ऑइल घट्ट होतं, बस. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) असतो, ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३. चार लिटरच्या ऑइल चेंबरमध्ये ४०० मिलिलिटर असा द्रव गेला की तुमचं ३० नंबरचं ऑइल सहज ४० च्या घरात जातं. झिजलेल्या फटीतून ते सावकाश निसटतं, टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणाऱ्या भागात) जास्त वेळ टिकतं, पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने वर कमी चढतं. आवाज आणि धूर दोन्ही कमी होतात.

मग ते परत का येतात? ऑइल पंपाचे गिअर, बेअरिंग आणि रिंगा यांच्या चिंचोळ्या जागेतून जाताना या साखळ्या तुटतात. दर फेरीला थोड्या थोड्या. लांब दोऱ्याचे तुकडे झाले की त्याची गाठ बसत नाही, तसंच ऑइलला दाटपणा देणं या तुकड्यांना जमत नाही. शिवाय गाडी ऑइल खातेय म्हणून आपण साधं ऑइल वरून ओततो आणि उरलेलंही पातळ करतो. चार-सहा आठवड्यांत ऑइल होतं तिथे येतं, आणि टकटकही.

म्हणजे दाट बाटलीने आवाज गेला तर एवढंच कळलं की कुठेतरी फट वाढलीय किंवा कुठेतरी ऑइल कमी पोचतंय. कुठे, ते कळलं नाही. आजार हाल्याला आणि औषध पखालीला, असला हा प्रकार.

वर त्याची किंमतही मोजावी लागते. थंड इंजिन चालू करताना घट्ट ऑइल वर पोचायला वेळ घेतं, आणि झीज नेमकी त्याच क्षणांत जास्त होते. व्हॉल्व्ह टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलणारी इंजिनं तर दाट ऑइलने गोंधळतात; टायमिंग उशिरा हलतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. दिवा लागल्यावर मग सेन्सर बदलण्याचा खर्च, तोही विनाकारण.

आधी ऑइल जातं कुठे ते शोधा

सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात उपयोगी काम म्हणजे मोजणं. गाडी सपाट जागी लावायची, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक पुसून परत घालायची आणि मग वाचायची. दर वेळी जागा तीच आणि वेळही तीच. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. दर ५०० किलोमीटरला वहीत एक ओळ. महिन्याभरात "गाडी खूप ऑइल खाते" या वाक्याच्या जागी एक आकडा येतो. तो आकडा १००० किलोमीटरला २०० मिलिलिटर असेल तर जुन्या इंजिनाला ते चालतं, त्याच्यामागे लागू नका. कित्येक कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकेत १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा वापर, काही त्याहूनही जास्त, सामान्य मानतात.

पातळी वाढत असेल तर ती गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. ऑइलमध्ये इंधन किंवा कूलंट उतरतंय. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाड्या छोट्या फेऱ्यांनाच वापरल्या तर हे हमखास होतं, कारण फिल्टर जाळून साफ करायचं काम अर्धवट सुटतं आणि जादा डिझेल खाली चेंबरमध्ये येतं. इथे कुठलंच अ‍ॅडिटिव्ह नको. ऑइल बदला आणि गाडी अधूनमधून लांब चालवा.

आता धूर. कोणत्या रंगाचा ते सगळेच बघतात, कधी येतो ते फार थोडे बघतात. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी चालू केल्यावर निळसर धुराचा एक झोत आला आणि मिनिटभरात विरला, तर व्हॉल्व्ह ऑइल सील कडक झालेत. रात्रभर ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून थेंबथेंब खाली उतरलंय. उतारावर पाय उचलून गाडी सोडली आणि मग परत अ‍ॅक्सिलरेटर दिला तेव्हा धूर आला, तरी बोट सील आणि व्हॉल्व्हच्या गाइडकडेच जातं. चढावर, गाडीवर भार असताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत. पांढरा आणि गोडसर वासाचा धूर कूलंटचा. काळा धूर ऑइलचा नसतोच, इंधन जास्त जळतंय.

धूर काहीच नाही आणि तरी ऑइल कमी होतंय? गाडीखाली रात्रभर एक स्वच्छ पुठ्ठा टाका. मग टॅपेट कव्हरच्या कडेने, ऑइल फिल्टरच्या बुडाशी आणि क्रँकच्या पुढच्या-मागच्या सीलपाशी हात फिरवा. बऱ्याचदा गळणारं ऑइल जमिनीवर पडतच नाही, गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडून जळतं, आणि सिग्नलला उभं राहिल्यावर तेवढा वास येतो.

ब्रीदर, ज्याच्याकडे कोणी बघत नाही

माझ्या गाडीत शोध लागला तो इथे, म्हणून जरा रेंगाळतो.

रिंगांच्या बाजूने थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच, अगदी नव्या इंजिनातसुद्धा. तो बाहेर काढून पुन्हा इनटेककडे न्यायला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, हाच ब्रीदर, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. काही गाड्यांत तो सुट्टा, बोटभर लांब असतो; काहींत टॅपेट कव्हरमध्येच रबरी पडद्यासारखा बसवलेला असतो. वर्षानुवर्षं ऑइलची वाफ आणि काजळी यांचा थर चढून तो अडकतो. बंद अवस्थेत अडकला तर चेंबरमधला दाब वाढतो आणि तो दाब जिथून मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो: सीलमधून, गॅस्केटमधून, डिपस्टिकच्या नळीतून. उघड्या अवस्थेत अडकला किंवा पडदा फाटला तर ऑइलची वाफ थेट इनटेकमध्ये ओढली जाते आणि इंजिन ती शांतपणे जाळत राहतं. दोन्ही प्रकारांत आपल्याला वाटतं की रिंगा गेल्या.

तपासायला अवजारं लागत नाहीत. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण उघडा आणि तोंडावर पातळ कागद धरा. कागद हलकासा आत ओढला गेला तर ठीक. तो फडफडत वर उडत असेल तर एक तर व्हॉल्व्ह बंद आहे किंवा रिंगांमधून वायू फार उतरतोय. इतक्या जोराने आत ओढला गेला की झाकण उचलताना सुस्कारा ऐकू आला आणि आयडल बदललं, तर पडदा फाटलेला असायची शक्यता मोठी. सुट्टा व्हॉल्व्ह काढून कानापाशी हलवायचा. आत खडखड वाजला पाहिजे. माझा मुका निघाला. उलटा केला तेव्हा त्यातून काळं, डांबरासारखं काहीतरी बोटाला लागलं. तीन बाटल्यांच्या काळात एकाही माणसाने त्याला हात लावला नव्हता. मीसुद्धा नाही.

व्हॉल्व्ह बदलला, नळ्या साफ केल्या आणि वही चालू ठेवली. आधी १००० किलोमीटरला ६०० मिलिलिटरच्या आसपास जात होतं. पुढच्या २००० किलोमीटरमध्ये ते निम्म्याहून खाली आलं. टकटक मात्र तशीच होती.

टकटक आणि ठोका वेगळे

वरून येणारी हलकी, जलद, शिवणयंत्रासारखी टकटक आणि खालून येणारा, भार दिल्यावर वाढणारा जड ठोका, या दोघांची गल्लत करू नका. ठोका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. त्याला बाटली देणं म्हणजे इंजिन फुटायची तारीख पुढे ढकलणं, तीही फार नाही. गाडी उभी करा.

टकटक कुठून येते ते शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर ठेवून मूठ कानाला लावायची आणि एकेक जागा ऐकायची. फिरणाऱ्या पट्ट्यांपासून बाही आणि हात लांब ठेवा. थंड असताना येणारा आणि गरम झाल्यावर नाहीसा होणारा टिकटिक आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या फुटलेल्या गॅस्केटचाही असतो. धातू तापून फुगला की फट बुजते. लोक वर्षानुवर्षं त्यासाठी ऑइल बदलत बसतात. चालू करताना दोन-तीन सेकंद साखळी ओढल्यासारखी खरखर आली तर टायमिंग चेनच्या टेन्शनरकडे बघा. आणि तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरणारे, टॅपेट नसतील तर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) क्लिअरन्स लावावा लागतो. ०.२० मिलिमीटरची फट ०.३५ झाली असेल तर ती कुठलंही रसायन भरून काढत नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे, करून टाका.

माझ्या गाडीत टॅपेट हायड्रॉलिक आहेत. टकटक फक्त रात्रभर उभी राहिल्यावर यायची आणि आठ-दहा सेकंदांत जायची. ही खूण मी कितीतरी महिने ऐकत होतो आणि मला तिचा अर्थ लागत नव्हता. ऑइल फिल्टरच्या आत एक रबरी पडदा असतो, इंजिन बंद झाल्यावर वरच्या वाहिन्यांतलं ऑइल परत खाली उतरू नये म्हणून. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये हा पडदा लवकर कडक होतो, मग रात्रीत वाहिन्या रिकाम्या होतात आणि सकाळी टॅपेट कोरडे वाजतात. चांगल्या प्रतीचा फिल्टर लावल्यावर टकटक दोन सेकंदांवर आली. एका फिल्टरने जे झालं ते तीन बाटल्यांनी झालं नव्हतं, आणि दाट ऑइलने आवाज का जायचा तेही कळलं: घट्ट ऑइल रात्रीत कमी उतरायचं.

आयडलवर ऑइलचा दिवा लुकलुकत असेल तर आधी सेन्सर तपासा, पण सेन्सरवर खापर फोडण्याआधी त्याच्या जागी साधा यांत्रिक प्रेशर गेज लावून बघा. ढोबळ हिशोब दर १००० आरपीएमला ०.७ बार, म्हणजे १० पीएसआय. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. गरम इंजिनाचा दाब खरोखरच कमी असेल तर पंप, तळातली जाळी किंवा बेअरिंग यांच्यापैकी काहीतरी आहे.

रिंगांचा संशय असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. इंधन आणि स्पार्क बंद करून चारही सिलिंडर मोजायचे. मग ज्याचा दाब कमी आलाय त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडायची घाई नको.

मग बाटली कोणत्या कामाला

इतकं झाल्यावर आता खरा प्रश्न. एक गोष्ट मात्र आधी लक्षात घ्या: तुम्ही विकत घेतलेल्या ऑइलमध्ये अ‍ॅडिटिव्ह असतातच. काजळी सुटी ठेवणारे, आम्ल मारणारे, फेस न येऊ देणारे, गंज आणि झीज थांबवणारे. सगळे मिळून ऑइलचा दहा ते पंचवीस टक्के भाग होतो. ते एकमेकांशी जुळवलेले असतात. त्यांची सगळ्यांची जागा धातूच्या त्याच पृष्ठभागावर असते, म्हणून एकाचं प्रमाण वाढवलं की दुसऱ्याला जागा कमी पडते. वरून बाटली टाकणं म्हणजे ठरलेल्या पंगतीत एक बिनबोलावलेला पाहुणा बसवणं.

सील मऊ करणारी बाटली. मला जुन्या गाडीसाठी सगळ्यात पटणारा प्रकार हाच. कडक झालेलं रबर थोडं फुगवून पुन्हा लवचिक करणारी रसायनं, बहुतेक एस्टर जातीची. सकाळचा धुराचा झोत किंवा क्रँकच्या सीलमधून ओलसरपणा असेल तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू शकतो. रबर फाटलं असेल तर दिसणार नाही. आणि ऑइल बदलताना ते रसायनही निघून जातं, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा घालावं लागतं. त्यापेक्षा हाय मायलेज ऑइल घ्या. त्यात हीच रसायनं कारखान्यातच, बाकीच्यांशी जुळवून घातलेली असतात. साधारण १ लाख २० हजार किलोमीटरच्या पुढच्या गाड्यांसाठी ती विकली जातात. माझ्या मते जुन्या इंजिनाची निम्मी अ‍ॅडिटिव्ह-खरेदी या एका निर्णयाने वाचते.

फ्लश, म्हणजे ऑइल बदलण्याआधी १०-१५ मिनिटं इंजिनात फिरवायचं सफाईचं द्रव. इथे मी सावध आहे. टॉर्च घेऊन ऑइलच्या झाकणातून आत बघा. धातूवर मधाच्या रंगाचा चकचकीत थर असेल तर ते फक्त व्हार्निश आहे, फ्लश चालेल. काळे गोळे, डांबरासारखे ढीग दिसत असतील तर फ्लश करू नका. सुटलेला गाळ खाली जातो आणि ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी बुजवतो. मग दाब जातो आणि बेअरिंग जातात. अशा इंजिनाला चांगलं ऑइल घालून दोन-तीनदा २००० ते ३००० किलोमीटरवरच बदलायचं, फिल्टरसकट. गाळ हळूहळू निघतो. चिकटलेल्या ऑइल रिंगा सुटायलाही हाच रस्ता बरा. आणि झाकणाच्या आत साईसारखा पिवळट थर दिसला म्हणून लगेच हेड गॅस्केट गेली असं समजू नका. छोट्या फेऱ्यांत पाण्याची वाफ साचून तो तयार होतो. कूलंटची पातळी उतरतेय का आणि डिपस्टिकवरही तोच थर आहे का, तेवढं बघा.

झिंक, म्हणजे झेडडीडीपी. हे १९४० च्या दशकापासून वापरात असलेलं, खरोखर काम करणारं रसायन. जिथे धातू धातूवर घासतो तिथे उष्णतेने आणि दाबाने ते फुटून फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर तयार करतं. थर झिजतो, धातू वाचतो. पण त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाला, निकामी करतो. म्हणून एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) २००४ च्या एसएम, २०१० च्या एसएन आणि २०२० च्या एसपी या मानकांत ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलमधला फॉस्फरस ६०० ते ८०० पीपीएममध्ये (दहा लाख भागांत इतके भाग) बांधलेला आहे. आता "जुनी गाडी" म्हणजे काय, इथे लोक घसरतात. चपट्या टॅपेटवर कॅमचा उंचवटा थेट घासत फिरणारी, कन्व्हर्टर नसलेली पन्नास वर्षांपूर्वीची रचना असेल तर तिला जास्त झिंक हवंच, १००० पीपीएमच्या वर. त्यासाठी तसं ऑइलच घ्यावं, नाहीतर झिंकची बाटली मोजून टाकावी. माझ्यासारखी १७ वर्षांची गाडी किलोमीटरने म्हातारी आहे, रचनेने नाही. तिच्यात झिंक ओतून कन्व्हर्टर खराब करण्यात शहाणपण कसलं?

मोलिब्डेनम. ऑइलमध्ये विरघळणारं मोलिब्डेनम कितीतरी चांगल्या ऑइलमध्ये आधीच असतं आणि घर्षण थोडं कमी करतं. बाटलीतली काळी पूड, म्हणजे मोलिब्डेनम डायसल्फाइड, अपायकारक नाही, पण दुरुस्तीही करत नाही. मोटरसायकलमध्ये मात्र चुकूनही नको; बहुतेकींत क्लच त्याच ऑइलात भिजलेला असतो आणि घसरायला लागतो.

पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक भांड्यावरचा लेप. तो धातूवर चिकटवायला स्वच्छ पृष्ठभाग आणि भट्टीचं तापमान लागतं. ऑइलमधून फिरताना तो बसत नाही, फिल्टरमध्ये मात्र बसू शकतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये स्लिक ५० या उत्पादनाच्या जाहिरातींविरुद्ध तक्रार दाखल केली होती. चालू करताना इंजिन असुरक्षित असतं आणि हे टाकलं तरच वाचतं, अशा दाव्यांवर त्यांचा आक्षेप होता. १९९७ च्या तडजोडीत पुराव्याशिवाय असे दावे करायला कंपनीला मनाई झाली.

क्लोरीनयुक्त पॅराफिन. प्रदर्शनात बेअरिंगवर लोखंडी चाक दाबून दाखवतात ना? साधं ऑइल घातलं की मोटर अडकते, बाटलीतले चार थेंब टाकले की सुरळीत फिरते. त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. खेळ खरा, पण इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही. इंजिन फिरत असताना मेन बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगत असतं, धातू धातूला टेकतच नाही; तसा दाब तिथे येतच नाही. उलट क्लोरीन आणि ओलावा मिळून आम्ल तयार होतं आणि ते मऊ धातूची बेअरिंग खातं. हे मी फुकट मिळालं तरी घेणार नाही.

लेबलवर काय आहे ते कळत नसेल तर त्या उत्पादनाची सेफ्टी डेटा शीट शोधा. कंपन्या जाहिरातीत काहीही लिहोत, या कागदावर घातक घटक सहसा नावानिशी द्यावे लागतात. नुसतं पेट्रोलियम डिस्टिलेट दिसलं तर ते बऱ्याचदा रॉकेलच्या भाईबंदांचं सफाई द्रव. क्लोरीनयुक्त अल्केन दिसलं तर परत ठेवा. ४० अंशांवरचा दाटपणा दिला असेल आणि तो कित्येक शे सेंटिस्टोक असेल तर ती दाट करणारी बाटली, मग तिच्यावर नाव काहीही असो.

डीपीएफ असलेल्या डिझेलला राख करणारं, म्हणजे झिंक-कॅल्शियमचं, काहीही वरून घालू नका. राख जळत नाही, फिल्टरमध्ये कायमची बसते.

टाकायचंच असेल तर

एका वेळी एकच. दोन बाटल्या एकत्र टाकल्या तर फरक कोणामुळे पडला ते कधीच कळणार नाही, आणि त्या एकमेकींशी भांडल्या तरी कळणार नाही. ऑइल आणि फिल्टर ताजे असताना सुरू करा, म्हणजे तुलना तरी होते. बाटलीचं माप चेंबरच्या एकूण मापातून वजा करूनच ऑइल भरा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली की क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने टॅपेट पुन्हा वाजतात. मग लोक आणखी एक बाटली आणतात. वहीत टाकल्याचे किलोमीटर लिहा आणि २००० किलोमीटर काहीही बदलू नका.

जमलं तर ऑइल बदलताना थोडा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंग, लोखंड वाढलं तर बोअर किंवा कॅम, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ आत जातेय, सोडियम किंवा पोटॅशियम दिसलं तर कूलंट. एक अहवाल बाटलीपेक्षा जास्त सांगतो, आणि दुसऱ्या वेळी त्याच आकड्यांशी ताडून बघता येतं.

माझ्या गाडीचं शेवटी असं झालं: पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा, फिल्टर चांगला, ऑइल मॅन्युअलने सांगितलेल्याच ग्रेडचं पण हाय मायलेज. पहिल्या दोन वेळा ऑइल ३००० किलोमीटरवर बदललं, नंतर नेहमीच्या अंतरावर. आता १००० किलोमीटरला १५० मिलिलिटर जातं. सकाळी दोन सेकंद टकटक येते, थंडीत तीन. व्हॉल्व्ह ऑइल सील पुढच्या टायमिंगच्या कामाबरोबर बदलणार आहे, कारण धुराचा छोटा झोत अजून आहे. तिसरी बाटली अर्धी वापरलेली तशीच शेल्फवर पडलीय.